अजब बाल्कनी

एप्रिलच्या शेवटी भावाचा नागपूरहून फोन आला. "ताई, पोरं महिनाभर तुझ्याकडे पाठवतो. आईपण येते आहे." तो 'पाठवू का' म्हणाला नव्हता, 'पाठवतो' म्हणाला होता. मी घरूनच काम करते, म्हणजे भावाच्या हिशेबानं मी घरीच असते. त्यामुळे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात माझ्या दोन खोल्यांत अकरा वर्षांची भाची, आठ वर्षांचा भाचा, माझा सहा वर्षांचा मुलगा आणि बहात्तर वर्षांची आई असा संसार मांडला गेला. तीन दिवसांत दोन मोबाईल पडले, एक फुटला. चौथ्या दिवशी मी जाहीर केलं की दर शनिवार-रविवारी पुण्यातलं एकेक जुनं ठिकाण बघायचं.

"म्युझियम ना? आमच्याकडे अजब बंगला आहे," भाची म्हणाली. नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय १८६३ सालचं, आणि तिकडे त्याला सगळे अजब बंगलाच म्हणतात. तिनं तो शाळेच्या सहलीत रांगेतून, समोरच्या मुलीची वेणी बघत बघितला होता. त्यामुळे तिचा उत्साह बेताचाच होता.

पहिला शनिवार शनिवारवाड्याला दिला. इथे मी एकामागून एक चुका केल्या, त्या सांगून टाकते. आवरून निघेपर्यंत साडेअकरा झाले. डोक्यावर फक्त माझ्या टोपी. पाण्याची बाटली एक. आणि मी आदल्या रात्री वाचून इतकं पाठ केलं होतं की रिक्षातच सुरू झाले. १७३० साली पहिल्या बाजीरावांनी पाया घातला, दोन वर्षांत वास्तुशांत झाली, १७७३ मध्ये इथेच नारायणराव पेशव्यांचा खून झाला. भाचा खिडकीबाहेर बघत पाट्या वाचत होता.

दिल्ली दरवाजापाशी मात्र सगळे थबकले. त्या दारावरचे लोखंडी सुळे बघून माझ्या मुलानं विचारलं, "हे कुणाला टोचायला?" हत्तीनं धडक देऊ नये म्हणून, असं सांगितल्यावर त्याची नजर हत्तीच्या कपाळाच्या उंचीपर्यंत वर गेली. भाचीनं एकेक न मोजता आडवे आणि उभे मोजले आणि नऊ आठे बाहत्तर म्हणून मोकळी झाली. एका फळीचे बाहत्तर. भाचा एकेक करून मोजत होता, तो दोनदा चुकला आणि तिसऱ्यांदा तिच्याशी भांडला. हे सगळं दरवाजाच्या सावलीत चाललं होतं. मी तिथेच थांबायला हवं होतं.

पण मला आत सगळं दाखवायचं होतं. आत गेल्यावर भाच्यानं चारी बाजूंना मान फिरवली.

"आत्या, वाडा कुठंय?"

प्रश्न रास्त होता. १८२८ च्या आगीत वरचे मजले जळून गेले. उरली ती तटबंदी, दरवाजे आणि नुसती जोती. आपण मोठी माणसं त्या जोत्यांवर मनानं मजले चढवतो. आठ वर्षांच्या पोराला दिसतं ते हिरवळ आणि दगडी चौकोन. हजारी कारंजंही कोरडंच होतं. "काय बघून राहिलो आपण?" त्यानं पुन्हा विचारलं. मी नाना फडणवीसांवर बोलायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात माझ्या मुलाचा घोळणा फुटला.

शर्टावर रक्त, माझे हात लटपटत होते, रुमाल घरी. भाचीनं शांतपणे आपल्या फ्रॉकच्या खिशातून एक छोटा कांदा काढला, बुक्कीनं फोडला आणि त्याच्या नाकाशी धरला. नागपूरची पोरं उन्हाळ्यात खिशात कांदा घेऊन फिरतात हे मी लग्नानंतर वीस वर्षांत विसरूनच गेले होते. "आत्या, हे काय ऊन आहे का!" ती म्हणाली. तिच्या आवाजात कीव होती. कांद्यानं रक्त थांबलं की मान खाली घालून नाक चिमटीत धरल्यानं, देव जाणे. आम्ही एक वाजता घरी परतलो आणि सगळ्यांनी मिळून कलिंगड संपवलं.

रात्री पोरं झोपल्यावर आई सुपारी कातरत म्हणाली, "तू त्यांना जेवणाची सगळी पानं एकदम वाढतेस. एक घास दे की." मग आम्ही दोघींनी ठरवलं. सकाळी आठला घर सोडायचं, नाहीतर जायचं नाही. एका ठिकाणी जास्तीत जास्त दीड तास. माहिती मी सांगायची नाही, विचारलं तरच. आणि प्रत्येकानं एकच वस्तू निवडून तिचं चित्र काढायचं, बाकी बघितलं नाही तरी चालेल. ही शेवटची अट आईची. मला ती पटली नव्हती. तिकिटाचे पैसे देऊन एकच वस्तू?

पुढच्या आठवड्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय. बाजीराव रस्त्याच्या गर्दीतून आत वळलं की वाड्याच्या वळणाची इमारत येते. संग्रहालयं साधारण दहाच्या सुमारास उघडतात, म्हणून आठचा नियम इथे मोडला, पण छपराखाली असल्यामुळे चाललं.

दारातच भाच्यानं विचारलं, "हा राजा कुठल्या गावचा?" मला हसू आलं आणि मग ते आवरलं. दिनकर गंगाधर केळकर राजे नव्हते. ते 'अज्ञातवासी' या नावानं कविता लिहायचे आणि पुढची साठेक वर्षं गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यावरच्या, अडगळीतल्या वस्तू गोळा करत राहिले. राजा हे त्यांच्या मुलाचं नाव. तो लहानपणीच गेला. त्याच्या नावानं हे सगळं उभं राहिलं आणि पुढे त्यांनी ते महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केलं. "कितवीत होता तो?" भाच्यानं विचारलं. मला सांगता आलं नाही. तो थोडा वेळ गप्प होता आणि मग त्या दिवशी त्यानं एकदाही भांडण काढलं नाही.

आत आईनं सूत्रं हातात घेतली. तिनं खेळ काढला, पाटी वाचायची नाही, वस्तू बघून ती कशासाठी असेल ते सांगायचं. वीस हजारांच्या वर वस्तू आहेत त्यांच्या संग्रहात, मांडलेल्या त्यातल्या थोड्याच, तरी त्या थोड्यासुद्धा डोळ्यांत मावत नाहीत. दिवे, कुलपं, फण्या, दौती, पानाचे डबे, शेवयाचे साचे. मुलांची उत्तरं अशी की मी लिहून ठेवायला हवी होती. शेवयाचा साचा म्हणजे बाहुल्यांचं टेबल. दौत म्हणजे मुंगीचं पातेलं. एका कपाटात पितळी वज्र्या होत्या, वर नक्षी आणि खाली खरखरीत तळ. माझा मुलगा म्हणाला, "पेपर उडू नये म्हणून ठेवायचं." भाची म्हणाली, "शिक्का." आई काही न बोलता बाकावर बसली, चप्पल काढली, टाच वर केली आणि हवेत घासून दाखवली.

"पाय घासायला? एवढं सुंदर?" भाचीचा विश्वास बसेना.

"मग? रोज हातात धरायची वस्तू. माझ्या आजीच्या वज्रीवर दोन पोपट होते. अंघोळीच्या दगडावर असायची. मी त्या पोपटांशी बोलायचे." आईच्या माहेरची वज्री मी कधी बघितलेली नाही. पन्नास वर्षांत तिनं तिचा विषयही काढला नव्हता.

मग अडकित्ते. एका कपाटात कितीतरी. मोराचे, माणसांच्या आकाराचे, साधे. माझ्या मुलानं ठरवलं की ही पक्ष्यांची चोच पकडायची हत्यारं आहेत. आईला हसू आवरेना. तिनं कमरेची चंची सोडली, त्यातून स्वतःचा अडकित्ता काढला आणि काचेसमोर धरून दाखवायला लागली, हा वरचा पात्याचा हात, ही खालची अणी, बोट इथे येऊ द्यायचं नाही. कट् असा आवाज झाला. दुसऱ्या टोकाला उभा असलेला पहारेकरी दोन ढांगांत आमच्यापाशी.

"आजी! वस्तूंना हात नाही लावायचा!"

"अरे बाबा, हा माझा आहे."

त्यानं एकदा कपाटाकडे बघितलं, कुलूप तपासलं, एकदा अडकित्त्याकडे. आईनं पुरावा म्हणून सुपारीचं खांड काढून कातरायला घेतलं. "इथं खायचं नाही," तो म्हणाला, पण आता हसत होता. मग म्हणाला की त्याच्या आईकडेही असाच आहे, फक्त मूठ गोल आहे. दोघांची मुठीवर चर्चा सुरू झाली. मी मुलांकडे बघितलं. तिघं काचेच्या आतल्या वस्तूकडे, मग आजीच्या हाताकडे, मग परत आत बघत होते.

भाचीनं त्या दिवशी अडकित्ताच काढला, आजीचा. मस्तानी महाल, म्हणजे कोथरूडहून उचलून आणून इथे परत मांडलेला दिवाणखाना, मला फार बघायचा होता. मी तिथे एकटी पाच मिनिटं उभी राहिले. बाकीचे खाली पाय घासण्याचा अभिनय करत बसले होते. दीड तास म्हणता म्हणता अडीच झाले.

रविवारी सकाळी पाताळेश्वर. जंगली महाराज रस्त्यावर रिक्षांचा गोंगाट आणि चार पायऱ्या उतरल्या की कानांना एकदम गार वाटतं. आठव्या शतकातलं हे लेणं एका अखंड काळ्या दगडात खोदलेलं आहे, समोर गोल नंदीमंडप. इथे चपला काढाव्या लागतात हीच खरी गंमत झाली, कारण साडेआठलाच उघड्यावरचा दगड तापायला लागला होता आणि लेण्यातला थंडगार होता. तिघं आत-बाहेर पळत 'गरम-थंड' खेळत राहिले. भाच्यानं विचारलं, "एवढे मोठे दगड आणले कुठून?" आणले नाहीत, नको तेवढा दगड काढून टाकला, हे समजायला त्याला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यानं खांबाला हात लावून वर छतापर्यंत बघितलं आणि म्हणाला, "म्हणजे चूक झाली तर खोडरबर नाही." गणिताच्या वहीत त्याचं खोडरबर महिन्यात संपतं, म्हणून ते त्याला लागलं असावं.

मधल्या एका दिवशी आम्ही एका संग्रहालयाच्या बंद दारासमोर उभे राहिलो. आठवड्याची सुट्टी मी तपासली नव्हती. फोन करून जा, एवढंच सांगते. त्या दिवसाची भरपाई कर्वे रस्त्याजवळच्या जोशींच्या छोट्या रेल्वेनं केली. तिथे खेळण्यातल्या गाड्यांचं अख्खं शहर धावतं आणि मुलांना काहीही समजावून सांगावं लागत नाही. माझा नवराही तिथेच पहिल्यांदा आमच्यात सामील झाला आणि सगळ्यांत शेवटी बाहेर आला.

आगाखान पॅलेस घ्यायचा की नाही यावर माझं आणि आईचं जुंपलं. मला वाटत होतं, मुलांना कंटाळा येईल. नगर रस्त्यावरचा तो पांढरा महाल, कमानी, मोठी बाग, भोवती झाडं. १८९२ मध्ये तिसऱ्या आगाखानांनी बांधला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये 'छोडो भारत'च्या वेळी गांधीजींना धरलं आणि इथे आणून ठेवलं, सोबत कस्तुरबा, महादेवभाई देसाई. बागेत पाऊल टाकताच भाची म्हणाली, "हा तुरुंग आहे? इथे तर मीपण राहीन."

मी काहीतरी लांबलचक बोलणार होते. आई म्हणाली, "तुझ्याच खोलीला बाहेरून कडी घातली तर?" भाचीनं यावर काही म्हटलं नाही, पण आतल्या खोल्यांतून फिरताना ती प्रत्येक दाराची कडी कुठल्या बाजूला आहे ते बघत होती. महादेवभाई ९ ऑगस्टला पकडले गेले आणि १५ ऑगस्टला इथेच गेले, हे वाचून भाच्यानं बोटांवर दिवस मोजले. कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ ला गेल्या. गांधीजी मे महिन्यात सुटले. कस्तुरबा आणि महादेवभाई, दोघांच्या समाध्या मागे शेजारी शेजारी आहेत. आई तिथे बराच वेळ उभी होती, पदर डोक्यावर घेऊन. माझ्या मुलानं हळूच विचारलं, "ह्या आजीला घरी का नाही जाऊ दिलं?" मी त्याला जवळ घेतलं. उत्तर मला तरी देता आलं नाही.

आमचा सगळ्यात चांगला आठवडा मात्र कुठल्याच वास्तूत गेला नाही. घराजवळच्या एका वाचनालयात मुलांसाठी पाच सकाळींचा मोडी लिपीचा वर्ग होता. फी नाममात्र. आणायचं काय, तर बोरू, शाईची बाटली, कोरे कागद आणि जुना कपडा. बोरू तिघांना मिळून दोनच मिळाले, तेही दोन दुकानं पालथी घालून.

शिकवणारे सर निवृत्त, आवाज बारीक, हात असा स्थिर की बघत राहावं. पहिल्या दिवशी त्यांनी एक अक्षरसुद्धा शिकवलं नाही. फक्त रेघा. मोडीत आधी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारतात आणि मग अक्षरं तिच्याखाली अडकवत जातात, हात न उचलता. दोन शब्दांमध्ये जागा नाही, पूर्णविराम नाही. माझ्या मुलानं रेघांऐवजी स्वतःची दोन्ही कोपरं शाईनं रंगवली आणि वर्गातून सन्मानानं निवृत्ती घेतली. भाचा दुसऱ्या दिवशी क्रिकेटला पळाला.

भाची राहिली, आणि त्याचं कारण मला तिसऱ्या दिवशी कळलं. सर म्हणाले होते, मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नाही. वेलांटी एकाच प्रकारची, उकार एकाच प्रकारचा. "आत्या, म्हणजे पेशव्यांना शुद्धलेखनाचे मार्क कापले जात नव्हते!" ती घरी ओरडत आली. शाळेत तिचे गुण कुठे जातात ते तिच्या आईनं मला सांगितलेलं आहे. त्या दिवसापासून ती जेवताना ताटातल्या वरणावरसुद्धा बोटानं रेघ मारायची. आपल्या नेहमीच्या लिपीला सर 'बाळबोध' म्हणत, तो शब्द तिला इतका आवडला की धाकट्या दोघांचं नाव तिनं तेच ठेवलं. मोडी गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत कचेऱ्यांत, दुकानांत चालू होती. आईच्या वडिलांना येत असे. आईला येत नाही. "मुलींना कुठे शिकवत होते," ती म्हणाली आणि नातीचा कागद उजेडात धरून बघत बसली.

१८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन. १९७७ पासून तो पाळतात. भाचीला हे कळल्यावर तिनं घरचंच संग्रहालय काढायचं ठरवलं. जागा, आमची बाल्कनी. कपडे वाळत घालायच्या दोऱ्या उतरवल्या, इस्त्रीच्या टेबलावर आईची जुनी इरकल पसरली. वस्तू गोळा करायला दोन दिवस शेजाऱ्यांच्या घरी फेऱ्या. वातीचा स्टोव्ह, चार आण्याचं नाणं, फिरकीचा तांब्या, सासऱ्यांचं चावीचं घड्याळ, टेलिफोन डिरेक्टरी. डिरेक्टरीपुढे मुलांची सगळ्यात जास्त गर्दी. शहरातल्या सगळ्यांचे नंबर कुणीही छापून वाटत होतं, यावर कुणाचा विश्वास बसेना. मधोमध, उशीवर, आजीचा अडकित्ता. शेजारी माझ्या मुलाच्या अक्षरात पाटी, 'हात लाऊ नये. आजी ओरडेल.'

बाकीच्या सगळ्या पाट्या भाचीनं मोडीत लिहिल्या. त्यामुळे कुणालाच त्या वाचता येईनात आणि प्रत्येक वस्तूसाठी तिला उभं राहून सांगावं लागलं. हा तिचा डाव होता असा मला संशय आहे. तिकीट एक रुपया, सत्तरीवरच्यांना फुकट. दारावर नाव लावलं, 'अजब बाल्कनी'. दिवसभरात त्रेचाळीस रुपये जमले आणि संध्याकाळी ते बर्फाच्या गोळ्यांत गेले.

संध्याकाळी उशिरा तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा आले. पाट्यांपुढे वाकून उभे राहिले, काही बोलले नाहीत, परत गेले. अर्ध्या तासानं हातात लाल कापडाचं बासन घेऊन आले. आत एक जाड, उभी वही, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. त्यांच्या वडिलांची. लहानपणापासून त्यांनी ऐकलं होतं की गावच्या कुणा बड्या माणसाला मोठी रक्कम दिल्याची नोंद या वहीत आहे. घरात मोडी येणारं कुणी उरलं नाही, म्हणून दसऱ्याला पूजा करायची आणि परत बासनात बांधायची.

भाचीचा चेहरा उतरला. पाच सकाळींची मोडी ती. पण आकडे तिला लगेच वाचता आले, ते बाळबोधीसारखेच असतात. रुपये, आणे, पै, असे तीन रकाने. सोळा आण्यांचा रुपया हे आजोबांनी समजावलं आणि तिनं एका पानाची बेरीज करून दाखवली, एका आण्यानं चुकून. किती ते कळलं, कशाचे ते कळेना. अक्षरं एकमेकांत गुंतलेली, सरांच्या फळ्यावरच्यासारखी सुटी नाहीत. रात्री साडेनऊपर्यंत ती आणि आजोबा भिंग घेऊन बसले होते, आणि हाती आलं ते वर लिहिलेलं 'श्री'.

निघायच्या आदल्या दिवशी तिनं त्या पानाचे फोटो काढून घेतले. गाडीत बसल्यावर पोरांनी हात हलवले, आईनं खिडकीतून चंची दाखवली, आणि घर इतकं शांत झालं की मी रेडिओ लावला.

नऊ दिवसांनी भाचीचा निरोप आला, तिच्या वडिलांच्या फोनवरून. पानाचा फोटो, त्यावर एका शब्दाभोवती लाल गोल. तो शब्द त्या एका पानावर सात वेळा आलेला आहे, असं तिनं लिहिलं होतं. 'आत्या, लागला! आजीनं मदत केली. आजोबांना सांग पण हळू सांग. सरकी आहे. म्हशीची.'

मी चप्पल घालून तिसऱ्या मजल्यावर गेले. आजोबा चहा पीत होते. ऐकून त्यांनी कप खाली ठेवला.

"सात वेळा?" ते म्हणाले. "एका पानावर? किती म्हशी होत्या रे आमच्याकडे!"